जाणीव कुणाची?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, जी ब्लॉकमध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक संस्था आहे. १९९२ साली ती स्थापन झाली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचे नाव. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की शब्द होतो ‘नारी’. अलीकडे ते नाव बदलून बरेच लांबलचक झाले आहे, पण त्या जुन्या चार आद्याक्षरांनी एक सत्य नकळत सांगून टाकले होते. या रोगाविषयी आपल्या देशाला जे कळले त्यातले फार मोठे ज्ञान बाईच्या रक्तातून आले आहे. आणि बाईला त्यातले काय कळले, हे तपासण्यासाठी मग तिचीच परीक्षा घेण्यात आली.

ही परीक्षा कशी असते? दवाखान्याच्या ओसरीत गरोदर बायांची रांग असते. हातात माता-बाल संरक्षण कार्ड, कडेवर थोरले मूल. कुणी शिकाऊ परिचारिका किंवा समाजकार्याची विद्यार्थिनी छापील प्रश्नावली घेऊन येते. एचआयव्ही हे नाव ऐकले आहे काय? तो आईकडून बाळाला होऊ शकतो काय? गरोदरपणात? बाळंत होताना? अंगावरच्या दुधातून? औषधाने तो टाळता येतो काय? होय, नाही, माहीत नाही. उत्तरांना गुण मिळतात, गुणांची बेरीज होते आणि बेरजेवरून बाईची ‘जाणीव’ चांगली, मध्यम किंवा अपुरी ठरते. शेवटी शिफारस ठरलेली : जनजागृती वाढवली पाहिजे.

प्रश्नावलीलाही एक साहित्यकृती समजून वाचावे असे मला वाटते. तिच्यात निवेदक आहे, पात्र आहे, गृहीत मूल्ये आहेत. निवेदक सर्वज्ञ आहे, पात्र अज्ञानी आहे. पात्राने निवेदकाला काही विचारण्याची सोय या कृतीत नाही. आणि एक पात्र तर मुळातच गाळलेले आहे : नवरा. बाळाला लागण आईकडून झाली. आईला कुठून झाली, हा प्रश्न कागदावर उतरतच नाही. गोष्ट मधूनच सुरू केली की गुन्हेगार बदलतो, हे कथा वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आपल्या साहित्यविचारात ‘जाणीव’ या शब्दाला वजन आहे. दलित जाणीव म्हणजे दलितांविषयीची माहिती नव्हे, हे सांगण्यात आपल्या दोन पिढ्यांच्या समीक्षकांनी शाई खर्च केली. गुलामाला गुलामीची जाणीव करून देणे म्हणजे त्याला गुलामगिरीची व्याख्या पाठ करायला लावणे नव्हे. आपले दुःख नशिबाचे नाही, कुणीतरी लादलेले आहे, ते नाकारता येते, आणि नाकारणारा मी एकटा नाही, हे उमजणे म्हणजे जाणीव. हाच शब्द आरोग्यखात्याच्या कागदावर जाऊन बसला आणि त्याचा अर्थ उलटला. तिथे जाणीव म्हणजे वरून आलेली सूचना खालच्या माणसाला किती पाठ झाली याचे मोजमाप. शब्द एकच, पण एकात माणूस उठतो आणि दुसऱ्यात तो रांगेत नीट उभा राहतो. दुसरा अर्थ पहिल्याच्या जागी खपवला जातो म्हणून ही समीक्षा.

आता ज्ञान कुणाकडून कुणाकडे गेले त्याचा हिशेब मांडू. १९८६ साली मद्रासमध्ये या विषाणूचा भारतातला पहिला शोध लागला तो शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात. झाले, त्या दिवसापासून रोगाचे घर ठरले. तो कामाठीपुऱ्यात राहतो, बुधवार पेठेत राहतो, ट्रकच्या धाब्यावर राहतो. सभ्य घरात राहत नाही. रोगाची ही वस्ती वेशीबाहेर आखलेली होती आणि वेशीबाहेर काय आखतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

भोसरीच्या याच संस्थेने ती आखणी पुसली. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची १९९३ ते १९९६ या काळात तपासणी झाली आणि १९९७ साली निष्कर्ष अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आले. शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया त्यात होत्या, बहुतेक लग्नाच्या. त्यांच्यातले लागणीचे प्रमाण निघाले १३.६ टक्के. या स्त्रिया आजार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा सगळ्या गृहिणींना लावता येत नाही, हे खरे. पण त्यांच्याबाबत निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता. यांतल्या बहुतेकींचा धोका एकच होता : नवरा. ज्या एकनिष्ठेला आपल्या संस्कृतीने स्त्रीचे कवच म्हटले, तीच तिला उघडे पाडणारी ठरली. कारण निष्ठा एकटीने पाळायची होती आणि नवऱ्याला निरोध वापर म्हणण्याचा अधिकार त्या निष्ठेत बसत नव्हता. हा शोध नुसत्या वैद्यकाचा नाही. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी तो आपला म्हणून वाचायला हवा होता. आपल्या नियतकालिकांतून त्यावर झडलेली चर्चा मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. १९९८ पासून देशभर या रोगाची दरवर्षीची पाहणी सुरू झाली, तिचा मोठा आधार गरोदर बाई होती. नाव घालायला आली की तिचे रक्त इतर तपासणीसाठी काढले जायचे. उरलेल्या रक्तावरचे नाव पुसून त्याची एचआयव्हीसाठी तपासणी व्हायची. नावच नसल्यामुळे निकाल तिला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. अशी विनानाव तपासणी जगभर मान्य होती, नाव नसल्यामुळे बदनामीचा धोका टळत होता, आणि ज्या बाईला जाणून घ्यायचे तिने स्वतंत्र तपासणी करून घ्यावी असे सांगता येत होते. युक्तिवाद खोटा नाही. पण चित्र काय उरते? गरोदर स्त्रियांमधले प्रमाण १ टक्क्याच्या वर गेले म्हणून महाराष्ट्र ‘जास्त प्रादुर्भावाचे राज्य’ ठरला, त्यावर निधी आला, योजना आखल्या गेल्या. राज्याला कळले. दिल्लीला कळले, जिनिव्हाला कळले. जिचे रक्त होते ती कार्ड घेऊन घरी गेली. अपुऱ्या जाणिवेचा शिक्का मात्र तिच्यावर बसला.

तिसरी गोष्ट ससूनची. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाळाला नेव्हिरापिन हे औषध जन्मल्यावर एकदाच द्यावे की सहा आठवडे रोज द्यावे, याचा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय यांनी मिळून केला. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो आला. जन्मतः लागण नसलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण एका डोसाने ५.३ टक्के होती, रोजच्या औषधाने २.५ टक्के झाली; सहा महिन्यांपर्यंत मात्र फरक पुन्हा आखडला. दूध चालू तोवर औषध चालू राहिले पाहिजे, या पुढच्या धोरणाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा एक दगड. पुण्यातल्या आयांनी संमती देऊन, बाळांच्या टाचा टोचू देऊन तो बसवला. त्या बायांना ‘लाभार्थी’ म्हणतात. मी त्यांना या ज्ञानाच्या सहलेखिका म्हणेन.

या हिशेबाचा अर्थ माहिती नको असा कुणी काढू नये. माहितीने जीव वाचतात आणि ती न मिळाल्याने किती गेले याची मोजदाद नाही. उपचार नसेल तर लागण असलेल्या आईच्या दर शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर उपचार असतील तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. १९९४ साली अमेरिका-फ्रान्सच्या अभ्यासाने झिडोव्हुडिनने लागण दोन तृतीयांशांनी कमी होते हे दाखवले. पण ते औषध महाग आणि पथ्य लांबलचक. १९९९ साली युगांडातून बातमी आली की बाळंत होताना आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि तीन दिवसांच्या आत बाळाला एक डोस दिला तरी लागण जवळजवळ निम्मी होते. भारतात २००० साली अकरा केंद्रांत प्रयोग झाले, मग कार्यक्रम पसरला. १ जानेवारी २०१४ पासून धोरण बदलले : लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, रक्तातल्या पेशींची संख्या काहीही असो, जन्मभराचे औषध. आज ते सरकारी केंद्रात फुकट मिळते, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही केंद्र आहे. म्हणजे भोसरीच्या बाईला उपाय रिक्षाच्या अंतरावर आहे. १९९४ ची बाई आणि आजची बाई यांच्यामध्ये विज्ञानाने खरोखर भिंत पाडली आहे.

म्हणूनच उरलेल्या भिंती कुठल्या ते नीट पाहिले पाहिजे. त्या ‘माहीत नाही’ या रकान्यात सापडत नाहीत.

समजा, एक बाई. लातूरकडची, बालाजीनगरच्या एका पत्र्याच्या खोलीत राहणारी. नवरा कंत्राटदाराकडे प्रेसवर, ती पॅकिंगला. तिसऱ्या महिन्यात तिने नाव घातले, तपासणी झाली, लागण निघाली. समुपदेशक ताईने नीट समजावले, तिला सगळे समजले, प्रश्नावलीत तिला पैकीच्या पैकी गुण पडतील. आता ती घरी जाते. गोळी रोज घ्यायची, ठरल्या वेळी. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सासू, दीर आणि नवरा झोपतात, तिथे गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची? लेबल फाडून, तांदळाच्या डब्यात? नवऱ्याला सांगायचे की नाही? तपासणी आधी हिची झाली, म्हणून रोग ‘हिने आणला’. गरोदर बाईची तपासणी दवाखान्यात आपोआप होते आणि नवऱ्याची होण्यासाठी त्याला रजा टाकून यावे लागते. तपासणीचा हा क्रमच न्याय देऊन टाकतो. जिचा निकाल आधी, ती दोषी.

मग सातवा महिना. पहिलटकरीण माहेरी जाते, ही रीत आहे. भोसरीत नाव, लातूरकडे बाळंतपण. कागद बरोबर न्यावा तर माहेरी कळते, न न्यावा तर तिथल्या दवाखान्याला बाळाला जन्मतःच औषध द्यायचे हे कळत नाही. दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत, बाकीच्यांसाठी जिल्ह्याचे केंद्र गाठायचे तर एसटीने जायला सोबत कोण, आणि कशासाठी जातेस याला उत्तर काय? ‘प्रसूतीपूर्व नोंदणी’ नावाची गोष्ट बाई एका जागी राहते असे धरून चालते. औद्योगिक पट्ट्यातली बाई एका जागी राहत नाही, तिला राहू दिलेले नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीने तिला इथे ढकलले, घरभाड्याने ती दर दोन वर्षांनी खोली बदलते, बाळंतपणाला ती परत जाते.

मग दूध. सल्ला असा की पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, आईचे आणि बाळाचे औषध चालू. वरचे काही मिसळायचे नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. आता गुटी न देणारी सून पाहिलेली सासू मला दाखवा! बाळाला चाटवण्यावर आपल्याकडे घराची सत्ता उभी असते. ‘डॉक्टरनी सांगितलंय’ हे उत्तर दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी ‘का सांगितलंय’ हा प्रश्न येतो. आणि सासूला तोंड दिले तरी कामाला काय करणार? सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. वैद्यकाचा सल्ला आणि कायद्याची रजा यांचे माप जुळले. पण रजेसाठी बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवसांचे काम कागदावर दिसावे लागते. नावाची नोंदच नसलेली, दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ दिलेली किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई हे ऐंशी दिवस कुठून दाखवणार? ती दीड महिन्यात कामावर जाते आणि मागे बाळाच्या तोंडाला बाटली लागते. जाणीव पूर्ण होती; रजा नव्हती.

इथे बाबासाहेबांचे १९२८ सालचे भाषण आठवते. मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या प्रसूतीभत्त्याचे बिल आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. दहा वर्षांनी, १९३८ च्या नोव्हेंबरात, संततिनियमनाच्या ठरावावरचे त्यांचे भाषण रोहम यांनी सभागृहात वाचले. त्यातही बाईच्या शरीरावर लादलेल्या बाळंतपणांचा विचार होता. बाबासाहेबांनी बाईला ‘तुला काय ठाऊक आहे’ असे विचारले नाही. ‘तिला काय मिळाले पाहिजे’ हे त्यांनी सत्तेला विचारले. आरोग्य-जागृतीच्या कार्यक्रमांनी प्रश्नाची दिशा नेमकी उलटी केली आहे.

आता थोडे आपल्या घरात बघू. दलित साहित्याने आई फार मोठी केली. कष्टणारी, भाकरी थापणारी, मुलाला शाळेत घालणारी आई. ती खरी होती, पण हळूहळू तिचा पुतळा झाला आणि पुतळ्याला शरीर नसते. शरीर लिहिले ते बायांनी. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीची भूक लिहिली, मेलेली मुले लिहिली, आणि घरातल्या पुरुषाची सत्ताही झाकून ठेवली नाही. १९८६ साली ते पुस्तक निघाले. योगायोग असा की देशात हा विषाणूही त्याच वर्षी सापडला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ सालीच गुप्तरोगाने सडणारी वस्ती कवितेत आणली होती. पण वस्तीतून उठून घरी परतणारा पुरुष आणि खोलीत त्याची वाट पाहणारी गरोदर बायको, हा पुढचा प्रवास आपल्या पुरुष लेखकांनी फारसा केला नाही. वेशीबाहेरची बाई लिहिणे सोपे होते. तिथे शोषक दुसरा होता. खोलीतली बाई लिहायची तर शोषकाच्या अंगावर आपलाच सदरा दिसतो. ज्या समाजाने नकाराचे साहित्य दिले त्याने नवऱ्याला नकार देणाऱ्या बाईची गोष्ट उशिरा आणि थोडी सांगितली, ही आपली उणीव आहे. प्रस्थापितांना बोल लावून ती भरून निघणार नाही.

भाषेचाही एक मासला सांगतो. जगभर या कार्यक्रमाला ‘मातेकडून बालकाकडे’ असे नाव होते. भारताच्या कार्यक्रमाने इंग्रजीत ‘माता’ काढून ‘पालक’ घातला. बापाची जबाबदारी दिसावी हा हेतू, आणि तो स्तुत्य. पण मराठी भिंतीवर येताना पालक पुन्हा आई होते : ‘आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही टाळा’. आज्ञार्थी क्रियापद, कर्ता अध्याहृत, आणि तो अध्याहृत कर्ता कोण हे प्रत्येकीला कळते. बाप एका शब्दात आला होता, भाषांतरात पुन्हा निसटला. व्याकरणाची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला जिची तपासणी निर्दोष आली तिलाही पुढे, पोट असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना, नवऱ्याकडून लागण होऊ शकते. ताज्या लागणीत रक्तातले विषाणू फार असतात, म्हणून बाळाला धोकाही जास्त. म्हणजे बाळ वाचवायचे तर बापाची तपासणी हा उपचाराचा भाग आहे. पाटीवर तो नाही.

कायद्याची गोष्टही अशीच. २०१७ साली झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्स कायदा सांगतो की समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणे नाही, दवाखान्यात आणि नोकरीत भेदभाव नाही. लागण असलेल्या गरोदर बाईचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. रोग रोखणाऱ्या माहितीत याचा एक प्रश्न तरी असावा की नाही? ‘तुमच्या फाइलवर लाल शाईने काही लिहिले तर तुम्ही तक्रार करू शकता, हे ठाऊक आहे काय?’ असा प्रश्न मी अजून कुठल्या प्रश्नावलीत वाचलेला नाही. या प्रश्नाचे ‘होय’ उत्तर दवाखान्याला अडचणीचे आहे. गुणपत्रिकेत ते बसत नाही, आपल्या अर्थाच्या जाणिवेत मात्र नेमके बसते.

समुपदेशक ताईंविषयी एक शब्द. त्या बहुतेक कंत्राटी असतात, वर्षानुवर्षे. ज्या बाईला त्या ‘रजा घे, दूध तोडू नकोस’ सांगतात तिची आणि त्यांची नोकरी एकाच जातीची आहे. त्यांच्यावर टीका करण्याचा हेतू नाही. प्रश्नावलीबाहेरचे प्रश्न बाया त्यांनाच विचारतात आणि उत्तर शोधायला त्यांच्याच पायपिटी होतात.

आपल्या वस्त्यांत १४ एप्रिलला रक्तदान होते, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या नावाने बायांचे मेळावे होतात. भोसरीतल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या मेळाव्यात एक वेगळी प्रश्नावली वाटून पाहावी. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी ती लिहायला मदत करावी. ती पुरुषांना द्यायची. बायको गरोदर असताना तुमची तपासणी झाली काय, कोणत्या तारखेला? तिच्या निकालाआधी की नंतर? तिची गोळी घरात कुठे ठेवलेली असते? ती माहेरी गेली तेव्हा कागद कुणी नेले? बाळाची टाच सहाव्या आठवड्याला टोचली तेव्हा, आणि अठराव्या महिन्याला शेवटची तपासणी झाली तेव्हा, तुम्ही रजा टाकली होती काय? उत्तरांना गुण देऊ नयेत. कागद गोळा करून बायांच्या हाती द्यावेत आणि त्यांनी ते मोठ्याने वाचावेत.